झिऱ्यावरचं सोवळं

अमेरिकेहून परत आल्यावर सांगलीत मला प्रत्येकाने एकच विचारलं, "नायगारा पाहिला का?" नाही पाहिला. चार महिने हाताशी होते, तरी राहिला. त्याऐवजी मी जॉर्जियातल्या एका रानात, जावयाची पँट घालून, पंधरा फूट उंच मचाणावर, पट्ट्याने झाडाला बांधलेली अशी बसून आले. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग आमच्या ह्यांच्याकडे बघतात. हे मान डोलावतात. "खरं आहे," म्हणतात. "मी अडवलं नाही. अडवून उपयोग झाल्याचं मला आठवत नाही."

प्रत्येकाला तोंडी सांगताना गोष्ट दरवेळी थोडी वाढते, असं मुग्धाचं म्हणणं. म्हणून एकदा लिहूनच काढते, म्हणजे हरीण आहे तेवढंच राहील.

अल्फारेटा

आमची मुलगी मुग्धा आणि जावई निखिल अटलांटाजवळच्या अल्फारेटात राहतात. आम्ही पोचलो ते साल दोन हजार सात. आणि तिथे दुष्काळ होता. माझं माहेर जत तालुक्यात, तेव्हा दुष्काळाची मला भीती वाटत नाही, ओळख वाटते. पण सात समुद्र ओलांडून गेले तर हा तिथे आधीच येऊन बसलेला. हिरवळी पिवळ्या पडलेल्या, बागेला पाणी घालायला बंदी, आणि चर्चच्या बाहेरच्या पाट्यांवर 'पावसासाठी प्रार्थना करा' असं लिहिलेलं. धोंडी काढणं तेवढं बाकी होतं.

त्या दुष्काळात मागच्या अंगणातली माझी मेथी मात्र मी भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवली होती. ती एका सकाळी हरणांनी खाल्ली. तिथे हरणं आपल्याकडच्या मोकाट जनावरांसारखी गल्लीतून फिरतात. ह्यांनी दारात उभं राहून "हाड् हाड्" केलं. हरणाने ह्यांच्याकडे बघत मेथीचा शेवटचा घास चावला, मग शेपटी वर केली. शेपटीची आतली बाजू पांढरीशुभ्र. व्हाइटटेल म्हणतात ते हेच.

त्याच दिवशी नॉर्मा आली. मुग्धाच्या ऑफिसात पगारपत्रकं करणारी, एकसष्ट वर्षांची, बारीक, उंच. केक घेऊन आली होती. मी मेथीचं दुःख सांगितलं तर म्हणाली, "तुझ्याकडे हरणं फुकट येतात आणि मला एक मिळत नाही."

नॉर्माचं इंग्रजी तोंडात गूळ धरून बोलल्यासारखं. पहिल्या दिवशी मला निम्मं कळलं, बाकीचं मुग्धाने सांगितलं. इथे मी तिला सरळ मराठीत बोलायला लावते आहे. तर, तिचा नवरा हँक मार्चमध्ये गेला. दक्षिणेला दोन तासांवर भावाबरोबर सामाईक असलेलं त्याचं ऐंशी एकरांचं रान. तीस वर्षं नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीऐवजी त्या रानातलं हरीण असायचं, हँकने मारलेलं. आता हँकचा भाऊ वेस म्हणत होता, तू एकटी, मचाणाची शिडी चढणार कशी. ओढा आटला, हरणं पांगली. रान शिकारीच्या क्लबाला भाड्याने देऊन टाकू.

"मी त्याच्याकडून एक हंगाम मागून घेतलाय," नॉर्मा म्हणाली. "थँक्सगिव्हिंगच्या आत माझ्या हाताने एक हरीण आणलं तर रान माझ्याकडे. नाही तर तो म्हणेल तसं."

"ओढा आटला म्हणजे किती आटला?" मी विचारलं.

"पूर्ण. नुसती वाळू."

"वाळूखाली बघितलंस का?"

"आई, प्लीज," मुग्धा म्हणाली. "ती हंटिंगचं बोलतेय, विहिरीचं नाही."

पण नॉर्माने कप खाली ठेवला होता.

पहिली फेरी

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी नॉर्माच्या ट्रकमध्ये बसून निघाले. ह्यांना विचारलं, येता का? म्हणाले, "मी मेथीवर लक्ष ठेवतो." मेथी उरली नव्हती.

रानातलं घर म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि भिंतीवर शिंगांच्या निवडक सात जोड्या. प्रत्येकीखाली हँकच्या अक्षरात वर्ष. रात्री नॉर्माने फ्रीजरमधलं हरणाच्या मटणाचं शेवटचं पाकीट काढून शिजवलं, गेल्या हंगामातलं, राजमा घालून. मी मटण खाते, फक्त शनिवारी खात नाही; शुक्रवार होता म्हणून वाचले. चव मटणाची, पण उग्रपणा नाही. तिखट कमी होतं. माझ्या पर्समधून लसणाची चटणी निघाली. नॉर्माने चमच्याच्या टोकावर घेतली, डोळे पुसले आणि पुन्हा घेतली. एवढं झाल्यावर दोन बायकांत काही परकं राहत नाही.

सकाळी ओढा पाहिला. जॉर्जियाची माती लाल, अगदी आपल्या कोकणासारखी, पण ओढ्यात पांढरी वाळू. कोरडीठाक. वरच्या अंगाला तळं होतं, त्याचा चिखल होऊन तडकला होता.

आमच्याकडे ओढा आटला म्हणजे पाणी संपलं असं कोणी समजत नाही. ते खाली गेलेलं असतं. वळणाच्या आतल्या बाजूला, एखादा पट्टा उगाच हिरवा दिसतो तिथे वाळू उकरायची. गुडघाभर खणलं की कडेने पाणी पाझरायला लागतं. त्याला आम्ही झिरा म्हणतो. मी दहा वर्षांची होईपर्यंत घरात नळ हा शब्द नव्हता. वाटीवाटीने झिऱ्यातलं पाणी घागरीत भरायचं आणि आपली पाळी येईपर्यंत भांडायचं.

अर्धा तास चालल्यावर एका वळणावर नेच्याची चार-पाच पानं दिसली, हिरवी. बाकीचं सगळं रान वाळलेलं आणि ही आपली टवटवीत. "इथे," मी म्हटलं.

म्हणणं सोपं असतं. खणताना कळलं की झिरा खणण्याचा माझा अनुभव दहाव्या वर्षी संपला होता आणि गुडघ्यांना चौपन्न वर्षं झाली होती. पाचव्या फावड्याला मी बसले. नॉर्मा खणत राहिली, मी बसून हुकूम सोडत राहिले. आमच्या घरात कामाची वाटणी साधारण अशीच असते, फक्त खणणारे हे असतात. मांडीएवढं खोल गेल्यावर वाळूचा रंग बदलला. मग ती चमकली. मग खड्ड्याच्या बुडाशी वाटीभर गढूळ पाणी हळूहळू जमा झालं.

नॉर्माने त्यात बोट बुडवून पाहिलं. "तीस वर्षं मी या वाळूवरून चाललेय," ती म्हणाली.

"हे पहिलं पाणी उपसून टाक," मी सांगितलं. "दुसरंही टाक. तिसरं नितळ येतं."

तिसरं नितळ आलं. कडेने दगड रचले आणि एका बाजूला उतार ठेवला, हरणांना खाली वाकता यावं म्हणून. शंभर पावलांवर हँकचं मचाण होतंच.

दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत, चकल्या तेलात असताना नॉर्माचा फोन आला. ती रानात जाऊन आली होती. झिऱ्याभोवती खुरांचे ठसे होते, पिल्लांचे, माद्यांचे, आणि एक मोठा, दोन बोटं खोल रुतलेला. माझ्या माहेरच्या पाण्यावर अमेरिकेतली हरणं पीत होती. त्या नादात दोन घाणे करपले.

दुसरी फेरी, शनिवार

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा हा शेवटचा शनिवार-रविवार. रविवारी दुपारी वेस जेवायला येणार होता, उत्तर घ्यायला.

या फेरीत मला शिकार म्हणजे काय ते खरं कळलं, आणि ते बंदुकीपाशी सुरूच होत नाही. ते न्हाणीघरात सुरू होतं. हरणाला डोळ्यांनी कमी कळतं, नाकाने सगळं कळतं. म्हणून नॉर्माने मला बिनवासाचा साबण दिला. केसाला तेल नाही, तोंडाला पावडर नाही. कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन दोन दिवस बाहेर दोरीवर वाळवलेले आणि झाकणाच्या डब्यात वाळक्या पानांत ठेवलेले. ते रानात गेल्यावरच घालायचे. घातल्यावर स्वयंपाकघरात जायचं नाही, पेट्रोल पंपावर उतरायचं नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. सकाळपासून कांदा-लसूण बंद. मी नेलेल्या चकल्या तर तिने दुहेरी कारणाने जप्त केल्या: वास आणि आवाज. "हे चावलंस तर पलीकडच्या जिल्ह्यातलं हरीण उठेल."

मी ऐकत होते आणि मला हसू फुटत होतं. दोरीवर वेगळे वाळवलेले कपडे, शिवायचं नाही, कांदा-लसूण नाही! हे तर आमच्या सासूबाईंचं सोवळं. वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. शिकवण्यासारखं मला काही राहिलं नव्हतं. नॉर्मा चुकून जोडे बदलायला विसरली तर मीच तिला टोकलं.

"तू जन्मजात शिकारी आहेस," ती म्हणाली. मी तेही खरं मानलं.

कपड्यांवरून केशरी जॅकेट घालावं लागतं, तसा कायदाच आहे, म्हणजे दुसरा शिकारी तुम्हाला हरीण समजत नाही. हरणाला म्हणे केशरी रंग कळत नाही. निखिलची पँट, त्यावर केशरी जॅकेट. आरशात बघून वाटलं, भंडाऱ्याला निघाले आहे.

मचाणावर तीन वाजता चढायचं होतं. बारा वाजता नॉर्मा ओट्यावर जरा आडवी झाली आणि मी एकटी झिऱ्यावर गेले.

आता हे नीट सांगते, कारण इथेच सगळं आहे. नवं पाणी लागलं आणि त्याची पूजा केली नाही, असं आमच्याकडे होत नाही. पहिल्या फेरीत जवळ काही नव्हतं, ते मनाला लागून राहिलं होतं. म्हणून येताना मुग्धाच्या देवघरातून हळद-कुंकवाच्या पुड्या, चिमूटभर साखर आणि पाच उदबत्त्या मी रुमालात बांधून आणल्या होत्या. जोडे काढले. पाय धुतले, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. दगडाला हळद-कुंकू लावलं, साखर ठेवली. उदबत्त्या लावून ओल्या वाळूत खोचल्या. हात जोडले आणि म्हटलं, नॉर्माचं रान नॉर्माकडे राहू दे. प्रसन्न वाटलं. परत येऊन मी नॉर्मालाही काही बोलले नाही. म्हटलं, यश आल्यावर सांगू.

शिडी मी कशी चढले ते लिहीत नाही. नॉर्माने मागून ढकललं एवढं पुरे. वर दोघींपुरतं बाक. तिने पट्ट्याने आधी मला झाडाला बांधलं, मग स्वतःला, आणि ओठांवर बोट ठेवलं. दोन तास गप्प बसायचं. मी लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही एवढी गप्प नव्हते. पण खरं सांगते, पहिल्या अर्ध्या तासानंतर बोलावंसंच वाटेना. खारी पानांत धावल्या तर माणूस चालल्यासारखा आवाज होतो. एक पान फांदीवरून सुटून खाली येईपर्यंत मी त्याच्याबरोबर उतरले. आपण नसताना रान कसं असतं, ते आपण असून दिसत होतं.

नॉर्मा मधून मधून एक छोटी बाटली दाबायची. त्यातून बिनवासाची भुकटी उडायची आणि वारा कुठे वाहतोय ते कळायचं. भुकटी आमच्याकडून मागे जात होती, म्हणजे झिऱ्याकडचा वारा आमच्या तोंडावर. छान, असं तिने मानेने सांगितलं.

साडेचार-पाचच्या सुमारास ते आलं. आलं म्हणजे चालत आलेलं दिसलंच नाही. जिथे झाड होतं तिथे हरीण होतं. शिंगांना आठ टोकं, मान जाड. झिऱ्यापासून चाळीस पावलांवर ते थांबलं, त्याच्या अंगावर एक झुडूप आडवं. नॉर्माने बंदूक खांद्याला लावली. दोन पावलं पुढे यायचा अवकाश होता.

हरणाने नाक वर केलं. मान खाली केली, पुन्हा वर केली. पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटला. आणि त्याच वेळी वाऱ्याची झुळूक आमच्या तोंडावर आली. मंद, थंड, चंदनाची.

उदबत्त्या कधीच विझल्या असतील, पण वाळूत, दगडांत, सगळ्या त्या खळग्यात वास मुरला होता. हरणाने फुस्सकन आवाज केला. पांढरी शेपटी निशाणासारखी वर गेली आणि उड्या मारत झाडांत दिसेनाशी झाली.

नॉर्माने बंदूक खाली घेतली. नाकाने हवा ओढून विचारलं, "हा वास कसला आहे?"

मी सांगितलं. मचाणावर बांधलेली असल्यामुळे पळायची सोय नव्हती. पाय धुतले ते सांगितलं, चूळ भरली ते सांगितलं, कुंकू, साखर, उदबत्त्या, सगळं.

"पाच?" ती म्हणाली.

"पाच."

"दिवसभर मी तुला वासाचं सांगत होते."

"तुझं सगळं आमच्या सोवळ्यासारखं होतं. आणि सोवळ्यात उदबत्ती चालते. चालते काय, लागतेच." हे मराठीत ऐकायला पटतं. इंग्रजीत सांगताना माझं मलाच पटेना.

"आणि या वाळक्या पानांत आग लागली असती तर?"

"ओल्या वाळूत खोचल्या होत्या," मी म्हटलं. भिंतीवर शिंगांच्या सात जोड्या होत्या, आठवीची जागा मी चंदनाने भरली होती. मला रडू आलं. पट्टा छातीवर घट्ट असला की नीट रडताही येत नाही.

शेवटी तीच म्हणाली, "प्रार्थना माझ्यासाठी होती?"

"तुझ्याच रानासाठी."

तिने पट्टा सोडला. "उतर. उजेड आहे तोवर काहीतरी करू."

करण्यासारखं एकच होतं आणि ते मलाच माहीत होतं. झिरा वापरून घाण झाला की आम्ही टाकून देत नाही, उपसतो. मला आता त्याच्याजवळ जायची बंदी, म्हणून मी वाऱ्याच्या खालच्या बाजूला साठ पावलांवर उभी राहिले आणि नॉर्मा रबरी बुटांनी आत उतरली. ओरडायचं नव्हतं, म्हणून हुकूम हातांच्या खुणांनी: "दगड काढ आणि लांब फेक. कडेची वाळू वीतभर खरवड. आता पाणी उपस. सगळं. बुडाची वाळू दिसेपर्यंत." ती डब्याने उपसत होती, मी लांबून हात हलवत होते. उदबत्तीच्या काड्या, साखर, कुंकवाची वाळू तिने पिशवीत भरली. दोनदा उपसून झालं. तिसरं पाणी रात्रभरात आपोआप यायचं होतं.

रात्री ती म्हणाली, "उद्या मी एकटी जाते."

"जा," मी म्हटलं. माझ्या अंगाला मलाच चंदनाचा वास येत होता.

रविवार

उजाडायच्या आत नॉर्मा गेली. जाताना म्हणाली, "एक आवाज आला तर हरीण. लगोलग दुसरा आला तर पहिला चुकला असं समज आणि वेसला सांग, टर्की आण."

मी ओट्यावर चहा घेऊन बसले. आठ वाजता एक ट्रक येऊन थांबला. टोपी घातलेला, जाड भुवयांचा माणूस उतरला. दुपारी यायचा तो वेस सकाळीच आला होता. मी ओळख सांगितली.

"ओढ्यात पाणी काढलं ती तूच?" तो म्हणाला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. "नॉर्मा एकटी चढलीय?"

"एकटी."

"त्या शिडीची तिसरी पायरी हलते. मी तिला मार्चपासून सांगतोय." तो रानाकडे बघत राहिला. मला वाटलं होतं, हा रान हिसकावणारा दीर असेल. तो तिसऱ्या पायरीसाठी चार तास आधी आलेला माणूस होता. मी त्याला चहा दिला. आलं घातलेला होता. एक घोट घेऊन तो कपाकडे बघत म्हणाला, "हँकला आवडला असता." स्वतःला आवडला की नाही ते सांगितलं नाही, पण संपवला.

आणि आवाज झाला.

एकच. सगळ्या रानातून फिरून परत आला. आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. दुसरा येऊ नये म्हणून मी त्या क्षणी माहेर-सासरचे सगळे देव आठवले, उदबत्तीशिवाय. वेसने एक बोट वर धरलं होतं. ते तसंच धरून तो उभा होता. एक खार झाडावरून उतरली. कुठेतरी कावळे ओरडायचे थांबले.

दुसरा आला नाही.

वेसने बोट खाली घेतलं आणि टोपी सारखी केली. "मी ट्रक काढतो," म्हणाला.

नॉर्मा झिऱ्याजवळ जमिनीवर बसली होती. शेजारी हरीण. कालचंच होतं की दुसरं, मला सांगता येणार नाही. शिंगांना टोकं आठ होती. मी आजवर मटण पिशवीतूनच पाहिलेलं. जवळ गेल्यावर बघवणार नाही असं वाटलं होतं, पण मी बघत राहिले. पापण्या एवढ्या लांब असतील असं वाटलं नव्हतं. नाक अजून ओलं होतं, झिऱ्याच्या पाण्याने. नॉर्माचा एक हात त्याच्या मानेवर होता.

वेस मचाणाकडे गेला. शिडीची तिसरी पायरी हाताने हलवून पाहिली. "पुढच्या हंगामाआधी ही बदलून देतो," तो म्हणाला. भाड्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. तेवढ्यातच तो मिटला.

दोघांनी मिळून हरीण ट्रकमध्ये चढवलं. मी पुन्हा माझ्या साठ पावलांवर जाऊन उभी राहिले, वारा माझ्याकडे येईल अशी. झिरा काठोकाठ भरला होता, नितळ. नॉर्माने त्यात हात धुतले, मान वर केली आणि मला हाक मारली.

"अगं, तिथे काय उभी आहेस?" ती म्हणाली. "ये. आता धू पाय."